नऊ पोरांची शाळा, दीड किलोमीटरची वाट

डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या शून्य ते दहा पटाच्या १३१४ शाळा जवळच्या शाळांत समायोजित करायचं ठरलं, तेव्हा आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट नऊ होता. पहिलीत तीन, दुसरीत दोन, तिसरीत एकटी एक मुलगी आणि चौथीत तीन. शिक्षक आम्ही दोघं, त्यात मी प्रभारी मुख्याध्यापिका. वाडी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे जे झालं ते थोड्याफार फरकाने अनेक वाड्यांवर झालं आहे, आणि समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा, विषय निघाल्यापासून आणखी कित्येक वाड्यांवर होऊ शकतं. यादीत नाव येण्यापासून ते शाळेचं दप्तर दुसऱ्या शाळेच्या कपाटात जाण्यापर्यंत सगळं मी आतून पाहिलं. त्यानंतर त्या मुलांचं काय झालं तेही पाहिलं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शाळा १९५८ सालची. आधी मारुतीच्या देवळात भरायची, मग गावाने श्रमदान करून दगडी भिंतींच्या दोन खोल्या उभ्या केल्या. जागा वाडीतल्याच एका कुटुंबाने दिली. जनरल रजिस्टरच्या, म्हणजे मुलांच्या प्रवेशनोंदींच्या वहीच्या, पहिल्या पानांवर जिल्हा स्कूल बोर्डाचा शिक्का आहे, कारण जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली आणि शाळा त्याआधीची. एकेकाळी इथे सत्तरच्या वर मुलं होती. मग घरं मुंबईकडे निघाली. आधी गडी एकटे जायचे, माथाडीत नाहीतर गोदीत, आणि बायकापोरं गावी राहायची. पुढे कोपरखैरणे-घणसोलीला खोल्या झाल्या आणि बायकापोरंही गेली. मागे राहिलेल्यांत ज्यांना परवडतं त्यांची मुलं खालच्या गावापर्यंत येणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसू लागली. तीन वर्षांचं पोर एकदा नर्सरीला गेलं की सहाव्या वर्षी ते आमच्याकडे येत नाही. आमच्या पटाला खरी गळती तिथून लागली. त्याबद्दल एकाही बैठकीत कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

वरून बघणाऱ्याला ही शाळा का खटकते, हे मला समजतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक. म्हणजे नऊ मुलांनाही दोन आणि साठ मुलांनाही दोन. पण हे दोन शिक्षक वर्गात एकाच वेळी क्वचितच असायचे. एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या, कामाला, नाहीतर आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीला, नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला रेंज मिळेल त्या टेकाडावर. दुसरा चार इयत्ता एका खोलीत घेऊन बसलेला. बहुवर्ग अध्यापन जमतं, मी अनेक वर्षं केलं आहे, आणि मन लावून केलं तर मुलं चांगली शिकतात. नऊ मुलांच्या शाळेत कुठलं मूल कुठे अडलं आहे ते शिक्षकाला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. कुणाच्या घरी रात्री भांडण झालं हेही सकाळी चेहऱ्यावरून कळतं.

तरी तिसरीतल्या त्या एकट्या मुलीकडे बघून मला वाईट वाटायचं. पुस्तकातला संवाद दोघींनी वाचायचा असला की दुसरी बाजू मीच वाचायची. भागाकार आपला बरोबर की शेजारणीचा, हे बघायला तिला शेजारीण नव्हती. मधल्या सुट्टीत ती लहानांना सांभाळायची, चौथीतल्या तीन मुलांच्या खेळात तिला जागा नव्हती. पहिलीपासून ती आपल्या वर्गात एकटीच होती. हुशार मुलगी, पण उत्तर येत असूनही मान खाली घालून बसायची. म्हणून यादी आली तेव्हा मी विरोधाचं निवेदन लिहायला बसले नाही. मोठ्या शाळेत या मुलांना काहीतरी मिळेल असं मला तेव्हाही वाटत होतं, आणि ते मिळालंही. माझं भांडण होतं ते यादीतल्या एका रकान्याशी.

त्या रकान्यात आमच्या शाळेपासून खालच्या गावातल्या केंद्रशाळेचं, म्हणजे केंद्रातल्या मुख्य शाळेचं, अंतर एक किलोमीटर लिहिलं होतं. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. त्यापेक्षा लांब पडत असेल तर नेण्याआणण्याची सोय करणं शासनावर येतं. म्हणजे त्या एका आकड्यावर जीप मिळणार की नाही हे ठरणार होतं. अंतर एक किलोमीटर धरलं की आमच्या मुलांनी चालत जायचं, कुणाचंच काही देणं लागत नाही. हा आकडा आला कुठून हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की नकाशावरून. नकाशावर आमची वाडी आणि खालचं गाव अगदी शेजारी दिसतात. मध्ये उतार आहे, करवंदीची जाळी आहे आणि एक ओढा आहे, ते नकाशावर दिसत नाही.

आम्ही वाट मोजायची ठरवली. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आमच्या समितीत पुरुष बहुतेक मुंबईला, म्हणून कारभार बायकांच्याच हातात होता. खालच्या गावातल्या एका गवंड्याकडून तीस मीटरचा टेप आणला. एका टोकाला अध्यक्षा, दुसऱ्या टोकाला चौथीतला एक मुलगा, आणि मी वहीत प्रत्येक तीस मीटरला एक रेघ ओढत चालले. पाच रेघा झाल्या की आडवी तिरकी रेघ, म्हणजे दीडशे मीटर. मुलांना मोजणीचा एवढा चांगला पाठ मी वर्गात कधी देऊ शकले नव्हते. कुठे निसरडं आहे, कुठे उन्हाळ्यातही पाय घसरतो, साकव कुठे मोडला आहे, हे अध्यक्षाबाई सांगत होत्या आणि मी त्या त्या रेघेशेजारी लिहीत होते. शाळेच्या फाटकापासून केंद्रशाळेच्या फाटकापर्यंत पायवाट भरली एक किलोमीटर सहाशे चाळीस मीटर. रस्त्याने, मोटारसायकलच्या मीटरवर, चार किलोमीटरच्या वर. पावसाळ्यात पायवाट बंद, म्हणजे रस्ता हाच मार्ग. हा तक्ता समितीच्या सह्यांनिशी तालुक्याला दिला आणि बांधकाम विभागाच्या माणसाने येऊन अंतराचा दाखला द्यावा अशी मागणी केली. तो दाखला मिळायला वेळ लागला, पण मिळाला. पुढचं जे काही पदरात पडलं ते त्या दाखल्यामुळे. म्हणून कुणाच्या वाडीचं नाव यादीत आलं की मी आधी हेच सांगते: निवेदन, मोर्चा, वर्तमानपत्र सगळं नंतर, आधी वाट मोजा आणि अधिकृत दाखला घ्या.

मग ग्रामसभा झाली. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी आले होते. त्यांनी मोठ्या शाळेचे फायदे सांगितले आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाडीतली माणसं एका मताची असतील अशी माझी समजूत होती, ती तिथे मोडली. मुंबईहून मुद्दाम आलेला एक बाप उठून म्हणाला, "माझी पोरगी वर्गात एकटीच बसती. तिकडं चार पोरी भेटतील. शाळा ऱ्हावी म्हणून तिनं एकटंच बसायचं का?" ज्यांच्या चुलत्यांनी जागा दिली होती ते आबा म्हणाले की जागा शाळेसाठी दिली आहे, कुलूप लावायला नाही. बायका मागे बसल्या होत्या. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. जीप कोण आणणार, आणली तर पैसे कोण देणार, पहिलीतलं पोर जीपमधून उतरलं आणि रडत बसलं तर त्याला वर्गापर्यंत कोण नेणार, मधेच ताप आला तर घरी कोण आणून सोडणार. एक आजी मला म्हणाली, "बाई, इथं पोराला लागलं तर तुम्ही हाक मारता नि मी येते. तिकडनं मला हाक ऐकू यील का?"

या प्रश्नांना अधिकाऱ्यांकडे तोंडी उत्तरं होती, लेखी नव्हती. मी प्रोसिडिंग लिहीत होते. समितीने ठराव केला की समायोजनाला हरकत नाही, पण तीन अटींवर: जूनच्या पहिल्या दिवसापासून वाहन, वाहनात एक मदतनीस बाई, आणि पहिली-दुसरीची मुलं वाडीतच. बायकांच्या प्रश्नांसकट मी सगळं प्रोसिडिंगमध्ये उतरवलं, नाव कुणाचं न घालता पण शब्द तेच ठेवून. ठरावाची एक प्रत समितीकडे, एक ग्रामपंचायतीकडे, एक तालुक्याला. पहिली अट अर्धी पाळली गेली. बाकीच्या दोन पाळल्या गेल्या नाहीत.

एप्रिलच्या शेवटी हस्तांतरण झालं. यात किती बारीकसारीक गोष्टी असतात हे बाहेरच्याला कळत नाही. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, किर्द, जडवस्तू संग्रह नोंदवही, निकालपत्रकं, समितीच्या इतिवृत्ताच्या वह्या, सगळ्यांची यादी करून दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या. तांदूळ पोत्यात किती उरला तो तोलून, मूगडाळ आणि तेल मोजून केंद्रशाळेच्या साठा नोंदवहीत जमा. जुन्या लाकडी फळ्याची नोंद जडवस्तूत होती, पण तो भिंतीत बसवलेला, काढता येईना, म्हणून तसाच ठेवून शेरा मारला. मुलांचे दाखले काढावे लागले आणि ऑनलाइन प्रणालीत त्यांची नावं एका शाळेच्या सांकेतिक क्रमांकावरून दुसऱ्यावर गेली.

या सगळ्यात एक माणूस कुठल्याच यादीत नव्हतं. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई. विधवा, थोडीशी वरकस जमीन, आणि शाळेचं तुटपुंजं मानधन. स्वयंपाकी किती हे पटावर ठरतं: पंचवीसपर्यंत एक, सव्वीस ते शंभरपर्यंत दोन. केंद्रशाळेचा पट चोपन्न, आमची नऊ धरून त्रेसष्ट. तिथे आधीच दोघी होत्या, तिसरीला जागा नाही. विद्यार्थ्यांचं समायोजन झालं, शिक्षकांचं झालं, ताईंचं झालं नाही. जीपमध्ये मदतनीस म्हणून त्यांनाच घ्या असं समितीने सुचवलं होतं. मुलं त्यांना ओळखत होती, त्यांच्या हाताला सवयीची होती, आणि दुसऱ्या अटीचं उत्तरही त्यात होतं. पण मदतनिसासाठी कुठल्याच शीर्षाखाली पैसे नाहीत असं सांगण्यात आलं. मला आजही वाटतं की सगळ्या प्रक्रियेत सर्वांत स्वस्तात सुटणारा प्रश्न हाच होता.

माझं काय झालं ते थोडक्यात. चोपन्नची त्रेसष्ट झाल्यावर पटाने साठ ओलांडले आणि केंद्रशाळेला तिसरा शिक्षक लागू झाला. संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या पदांची मंजुरी, तीस सप्टेंबरच्या पटावर होते, तोवर मी तिथे तात्पुरत्या कामगिरीवर गेले आणि नंतर त्याच जागी माझं समायोजन झालं. माझे सहकारी दुसऱ्या केंद्रात गेले. मी त्या मुलांबरोबर राहू शकले ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती, आणि मुलांसाठीही. पहिल्या दिवशी जीपमधून उतरलेली पहिलीची मुलं माझा पदर धरून वर्गात आली. ज्या शाळांचे शिक्षक मुलांबरोबर गेले नाहीत तिथे हे कसं झालं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. नियमात अशी कुठलीच तरतूद नाही. खरं तर समायोजनाच्या आदेशातच जुन्या शाळेतला एक शिक्षक किमान वर्षभर मुलांबरोबर पाठवावा असं लिहायला हवं.

मोठ्या शाळेने काय दिलं तेही सांगते. तीन शिक्षक असल्याने पहिली-दुसरी एकत्र, तिसरी वेगळी आणि चौथी वेगळी बसवता आली. खो-खोचा पूर्ण संघ उभा राहिला. वाचनालयाची पेटी होती आणि पुस्तकं बदलून घ्यायला दुसरी मुलं होती. ती एकटी मुलगी चौथीत गेली तेव्हा तिच्या वर्गात सात मुली होत्या. दिवाळीच्या आत ती इतरांचं चुकलेलं गणित स्वतःहून दाखवू लागली. एकदा दोघींचं पाठातल्या संवादावरून भांडण झालं, कोणी कुठली भूमिका वाचायची म्हणून, आणि मला त्या भांडणाचा मनापासून आनंद झाला. तिच्या बापाने ग्रामसभेत जे म्हटलं होतं ते खरं ठरलं. लहान शाळा वाचवायलाच हवी असं सरसकट म्हणणाऱ्यांनी या मुलीलाही डोळ्यासमोर ठेवावं.

पण वाडीच्या पलीकडे, आणखी वर, धनगरवाडा आहे. तिथून दोन भावंडं आमच्याकडे यायची, बहीण दुसरीत आणि भाऊ त्या वर्षी पहिलीला. आमच्या शाळेपर्यंत येणं त्यांना जमत होतं. जीप मात्र वाडीतून सकाळी सुटायची, आणि ती गाठायची तर त्यांना अंधारातच निघावं लागायचं. दाखल्यावरचं अंतर वाडीच्या शाळेपासून मोजलेलं, त्यांच्या घरापासून नाही. जुलै-ऑगस्टात भाऊ जवळजवळ आलाच नाही. त्याला सांभाळायला बहीण घरी. सलग तीस दिवस गैरहजर राहिलं तर मूल शाळाबाह्य धरलं जातं. ही दोघं मधूनच एखादा दिवस, पाऊस उघडला की यायची, त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या कुठल्याच सर्वेक्षणात त्यांची नावं आली नाहीत. हजेरीच्या टक्केवारीतही मोठ्या पटात दोन मुलं दिसत नाहीत. नऊच्या पटात दोन मुलं आली नाहीत तर शिक्षक चपला घालून निघतो. मी सुट्टीच्या दिवशी वर जाऊन आले, बापाशी बोलले. तो म्हणाला, "बाई, शाळा जवळ हुती तवा पोरं येत हुती. लांब आम्ही नेली न्हाय." त्याला मी काय सांगणार होते! मुलगी पुढे मामाच्या गावी राहून शिकली. मुलगा वर्षभर मागे पडला आणि मग आश्रमशाळेत गेला.

वाहतुकीचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. 'समग्र शिक्षा' या शासनाच्या योजनेत अशा मुलांसाठी वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, म्हणजे दहा महिन्यांचे दरमहा सहाशे. नऊ मुलांचे पाच हजार चारशे झाले. जीपवाल्याने दोन फेऱ्यांचे महिन्याला नऊ हजार सांगितले, आणि डिझेलचा दर बघता ते अवाच्या सवा नव्हते. शिवाय भत्ता महिन्याच्या महिन्याला येत नाही, पालकांच्या खात्यावर मागाहून येतो. जीपवाल्याला मात्र एक तारखेला पैसे हवेत. पहिल्या वर्षी वाडीच्या मुंबईच्या मंडळाने वरचे पैसे भरले आणि उधारीही सांभाळली. दुसऱ्या वर्षी ग्रामपंचायतीने थोडे दिले. जीपचं भाडं फेरीवर असतं, डोक्यावर नसतं. मुलं नऊची सात झाली, सातची पाच झाली, भाडं तेवढंच राहिलं आणि भत्ता कमी होत गेला. म्हणजे वाडी जसजशी लहान होते तसतसा प्रत्येक मुलाचा शाळेत जाण्याचा खर्च वाढतो, आणि तो आईबापांच्या खिशातून जातो. शाळा वाडीत होती तेव्हा हा खर्च शासनाचा होता. एकत्रीकरणात जी बचत दाखवली जाते तिच्यातला मोठा वाटा असा घराघरांवर ढकललेला असतो. तो हिशेबाच्या कुठल्याच तक्त्यात मी पाहिलेला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत राज्यभर मोबाइलवर अभ्यास जाऊ लागला. वाडीवर रेंज नव्हती. खालच्या गावातल्या मुलांना आमचे शिक्षक ओट्यावर, झाडाखाली लांब लांब बसवून शिकवत होते. वाडीतल्या मुलांची शाळा मात्र आता खालीच होती, आणि जीप बंद. मी स्वाध्यायपत्रिका घेऊन वर जायचे. जुन्या शाळेच्या पडवीत बसायचे, कारण आत कुलूप होतं. भिंतीतला तो फळा जर पडवीला असता तर फार उपयोगी पडला असता असं तेव्हा वाटलं. ज्या संकटात लहान, जवळची, पायी पोचता येणारी शाळाच सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत उपयोगी ठरली असती, नेमकी तीच वाडीकडे उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट २०२३ मध्ये घडली. मराठा समाजातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं एकदम महत्त्वाची झाली. १९६७ पूर्वीच्या नोंदी हव्या होत्या. आमच्या वाडीचं रजिस्टर १९५८ पासूनचं. मुंबईहून माणसं येऊ लागली, आजोबांची नोंद बघायला. वाडीच्या शाळेला कुलूप, रजिस्टर केंद्रशाळेत. माझी तोवर बदली झाली होती. तिथल्या नव्या मुख्याध्यापकांचा फोन आला, तेव्हा कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात ते मला सांगता आलं, कारण हस्तांतरणाची यादी माझ्याच हातची. पानं सुटी झालेली, पण शाबूत होती. गावाच्या जन्मतारखा, जाती, बापाचा धंदा, शाळा सोडल्याची कारणं, सगळं त्यात आहे. काही मुलींच्या नावापुढे शाळा सोडल्याचं कारण 'घरकाम' लिहिलं आहे. शाळा विलीन करताना मुलांइतकीच या रजिस्टरांची काळजी घ्यावी लागते. त्यांच्या प्रती काढून एक संच ग्रामपंचायतीत ठेवला तर वाडीचा पुरावा वाडीत राहतो.

त्याच वर्षी, २१ सप्टेंबर २०२३ ला, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवणारं पत्र शिक्षण आयुक्तालयातून निघालं. अशा शाळा राज्यात १४,७८३ असल्याचे आकडे त्या वेळी समोर होते, आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळची उदाहरणं दिली होती. त्या शाळा चांगल्या आहेत. पण पानशेतला इमारतीबरोबर बसही आली होती, हे विसरून चालणार नाही. आमच्या शिक्षण परिषदेत या पत्रावर चर्चा झाली तेव्हा मी माझा अनुभव सांगितला. काही शिक्षकांना नोकरीच्या जागेची चिंता होती आणि ती रास्त आहे. पण मी बोलले ते मुलांच्या वयाबद्दल.

माझं म्हणणं असं आहे. तिसरीपासून पुढच्या मुलांना मोठ्या शाळेत नेल्याने फायदा होतो, तो मी पाहिला आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र वाडीतून हलवू नये. त्या वयात आजीला हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावरच शाळा हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर एकत्र धरला आहे: अंगणवाडी किंवा बालवाटिका आणि पहिली-दुसरी. मग ज्या वाडीत अंगणवाडी आहे तिथे पहिली-दुसरी तिला जोडून एका शिक्षकावर चालवता येते. दोन इयत्ता, तीन-चार मुलं, एक शिक्षक, एक खोली. त्याच धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहे, आणि ती त्याआधी कोठारी आयोगानेही मांडली होती: आसपासच्या शाळा एका मोठ्या शाळेशी जोडायच्या, पण बंद करायच्या नाहीत. खेळाचे, चित्रकलेचे शिक्षक शाळाशाळांत फिरतील, आठवड्यातून एकदा सगळी मुलं एकत्र येतील. दहा मुलांनी रोज प्रवास करण्यापेक्षा एका शिक्षकाने करणं सोपं आणि स्वस्त आहे. आपल्याकडे केंद्रशाळांची रचना तयारच आहे, तिचा असा उपयोग होऊ शकतो.

आणि जिथे एकत्रीकरण करायचंच ठरलं असेल तिथे वाहनाचे पैसे पालकांच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. करार शासनाने किंवा जिल्हा परिषदेने थेट वाहनमालकाशी करावा, किमान पाच वर्षांचा, फेरीच्या दराने. मदतनीस त्याच करारात. आदेश निघण्याआधी.

आमच्या वाडीवर सध्या जुन्या शाळेच्या एका खोलीत अंगणवाडी भरते. दुसरी खोली रिकामी आहे, गेल्या वर्षी गावाने तिची कौलं फिरवून घेतली. यंदा जूनमध्ये पहिलीला दोन मुलं आहेत आणि दुसरीत एक. जीपवाल्याने एवढ्या मुलांसाठी यायला नकार दिला आहे. पालकांनी त्या रिकाम्या खोलीत पहिली-दुसरीचा वर्ग सुरू करावा असा अर्ज केला आहे. अर्ज लिहायला मला बोलावलं होतं. २०१८ चा अंतराचा दाखला, टेपने केलेल्या मोजणीचा तक्ता आणि ग्रामसभेतल्या समितीच्या ठरावाची प्रत असं सगळं सोबत जोडून दिलं आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. ते पंधरा जूनच्या आत यायला हवं, कारण शाळा त्या दिवशी सुरू होते आणि ओढ्याला पाणीही त्याच सुमारास येतं.